आमच्या खात्यातला पाहुणा

सोमवार, ३ तारीख

ही वही खरं तर किल्ल्यांची आहे. पुढच्या पानांवर कुणाला कुठली किल्ली करून दिली त्याच्या नोंदी आहेत. नाव, पत्ता, कुलपाचा प्रकार आणि सही. सहीशिवाय मी डुप्लिकेट करत नाही, साबणावरचा ठसा घेऊन कुणी आला तर त्याला पायरीवरूनच परत पाठवतो. तेहेतीस वर्षं असंच चाललंय. मागची पानं मात्र कोरी होती, तिथे आजपासून हे प्रकरण लिहून ठेवतो. उद्या पोलिसांनी विचारलं तर तारीखवार काहीतरी दाखवता आलं पाहिजे.

लेकीने माझ्या वाढदिवसाला टीव्हीवर सिनेमे-मालिका बघायचं एक खातं उघडून दिलंय. आज सकाळी त्या कंपनीचा मेल आला. 'तुमच्या खात्यात नव्या उपकरणावरून प्रवेश झाला आहे. हे तुम्हीच आहात का?' मी नव्हतो. मी तेव्हा दुकानात एका बाईंच्या कपाटात मोडून बसलेली किल्ली चिमट्याने काढत होतो.

घरी येऊन टीव्ही लावला. आमचे दोन चेहरे असतात, एक माझ्या नावाचा, एक हिच्या. आज तिसरा होता. हिरवा, दात काढून हसणारा. खाली नाव: 'पाहुणा'.

हिला विचारलं, "हा कोण?"

"असेल कंपनीचंच काहीतरी," ही म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

आयुष्यभर लोकांची दारं राखली आणि माझ्याच घरात एक जण बिनदिक्कत येऊन बसलाय. दुपारी जेवण गेलं नाही.

मंगळवार, ४ तारीख

पासवर्ड बदलला. आधीचा 'कुलूप१२३' असा होता. लेकीने गंमत म्हणून ठेवलेला. समोरचा चष्मेवाला म्हणाला, "असा ठेवा की तुमचा तुम्हालाही आठवणार नाही." तो चष्मे बरे बनवतो, म्हणून त्याचं ऐकलं. दुकानातल्या तीन जुन्या कुलपांवर कोरलेले नंबर एकापुढे एक लिहिले, मधे दोन अक्षरं घातली. सतरा खुणा झाल्या. चिठ्ठी लोखंडी पेटीत ठेवली.

तो पासवर्ड टीव्हीत घालणं म्हणजे शिक्षाच आहे. रिमोटने एकेक अक्षर शोधत जायचं, एक घर पुढे गेलं की मागे यायचं. मी चिठ्ठी बघून मोठ्याने वाचत होतो, ही रिमोट चालवत होती. मधेच म्हणाली, "थांबा, सावकाश सांगा. मी लिहूनच घेते, म्हणजे चुकणार नाही." मागच्या बिलाच्या पाठीवर तिने व्यवस्थित उतरवून घेतलं, दोनदा वाचूनही दाखवलं. हिला असल्या गोष्टींत इतका रस असेल असं वाटलं नव्हतं. उगाच काल संशयाने बोललो.

मग ती डबा घेऊन विणकामाच्या क्लासला गेली. मंगळवार-शुक्रवार असतो. डबा बाईंसाठी असतो म्हणे, त्यांना स्वयंपाक जमत नाही.

बुधवार, ५ तारीख

पाहुण्याने काल दुपारी तीन भाग बघितले. तीन! सतरा खुणांचा पासवर्ड टाकून चोवीस तासही झाले नव्हते.

चष्मेवाल्याला सांगितलं. तो गंभीर झाला. "म्हणजे फार मोठं टोळकं आहे यामागे," म्हणाला. "संगणकावर बसून फोडतात. लाखो आकडे एका मिनिटात."

मी लोखंडी पेटी उघडून बघितली. चिठ्ठी जागच्या जागी होती, पेटीवर ओरखडासुद्धा नाही. काम सफाईचं आहे, हे मान्य करायला हवं.

शुक्रवार, ७ तारीख

आज दुकान अर्धा तास उशिरा उघडलं आणि पाहुण्याच्या चेहऱ्यात शिरून तो काय बघतो ते तपासलं.

तिजोऱ्या फोडणाऱ्या एका टोळीची मालिका आहे, सहा हंगामांची. तीच मीही बघतो. मी ती धंद्यातला माणूस म्हणून बघतो, त्यातल्या चुका काढायला. हा मात्र जिथे कुलूप उघडण्याचा प्रसंग आहे नेमका तिथेच थांबलेला असतो. चौथा भाग त्याने तीनदा लावलाय, आणि तिन्ही वेळा टोळीतल्या त्या नकटीने डॉक्टरची नळी तिजोरीला लावली तिथपर्यंतच.

म्हणजे हा शिकतोय. साधा फुकट्या नाही, चोर आहे. वेळही बघा, अकरा ते चार. इतर माणसं कामावर असतात तेव्हा हा घरी लोळतोय. कामाची वेळ वेगळी असणार.

हिला सांगितलं. ही हसायला लागली, मग ठसका लागला, मग पाणी प्यायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. घाबरली बिचारी. आता तिला फार सांगायचं नाही.

रविवार, ९ तारीख

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, संगणकातलंच काम करते. सगळं सविस्तर सांगितलं.

"बाबा, आईला विचारलंत?"

"तिला यातलं काय कळतंय?"

मग म्हणाली, "तुम्ही असं करा, त्या प्रोफाइलचं नाव बदला. बघू काय होतं." तिच्या आवाजात मला हसू ऐकू आलं, पण लाइन खराब असेल.

नाव बदललं. 'पाहुणा' खोडून 'चोर' लिहिलं. इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागतं, पण शब्द मराठी. त्याला कळेल.

सोमवार, १० तारीख

त्याला कळलं. नाव झालंय: 'चोर नाही'.

मी उत्तर दिलं: 'मग कोण'.

मंगळवार, ११ तारीख

'ओळख'.

उर्मटपणा तर बघा.

चार पाच उत्तरं डोक्यात आली, पण त्या चौकटीत फार अक्षरं मावत नाहीत. शेवटी 'लाज नाही' लिहिलं. दुपारी ही क्लासला गेली, संध्याकाळी बघतो तर 'थोडी आहे'.

बुधवार, १२ तारीख

आज गिऱ्हाईक कमी. विचार करत बसलो. काय लिहावं की तो उघडा पडेल? जेवायला घरी गेलो तेव्हा धंद्यातलाच प्रश्न टाकला: 'भाग ४ चूक काय'. नवशिका असेल तर गप्प बसेल.

तासाभरात उत्तर आलं. 'नळीने ऐकू येत नाही'.

बरोबर आहे! अगदी बरोबर. त्या जातीच्या तिजोरीला नळी लावून काही ऐकू येत नाही, तिथे बोटांनाच कळावं लागतं. मी पहिल्या दिवसापासून हिला हेच ओरडून सांगतोय आणि ही म्हणते, पुढे जाऊ दे ना. आज कुणीतरी पहिल्यांदा हे बोललं.

मग भानावर आलो. एवढं ज्याला कळतं तो भुरटा नव्हे. फार वर्षं काम केलेला चोर आहे.

गुरुवार, १३ तारीख

'भाग ९ चे दार?' मी विचारलं. 'ते सहा लिव्हरचे. तार चालणार नाही', तो. सहाच! माझाही अंदाज सहाच होता.

खरं लिहायचं तर या गावात असं बोलायला माझ्याकडे एकच माणूस होता, तो धाकटा. माझा भाऊ. इथे त्याचा काही संबंध नाही, पण विषय निघाला म्हणून लिहितो. एकोणीस वर्षं आम्ही एकाच दुकानात, एकाच कानशीने काम केलं. चार वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरांची तिजोरी अडली. चार चकत्यांची, प्रत्येक चकतीचा एक आकडा, आणि आकडे विसरलेले. मी सकाळी नऊपासून एकपर्यंत तिच्यापुढे गुडघे टेकून बसलो होतो. मग मान धरली म्हणून धाकट्याला बोलावलं. त्याने दहा मिनिटांत उघडली. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "खरा कारागीर धाकटाच!" आणि धाकटा हसला. नुसता हसला, एक शब्द बोलला नाही. महिन्याभराने वेगळा झाला, पुलाच्या पलीकडे बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपं विकायला लागला. तेव्हापासून बोलणं नाही. त्याचं नाव घरात निघत नाही.

उगाच लिहिलं. हे पान पोलिसांना दाखवायचं नाही.

शुक्रवार, १४ तारीख

आज स्पष्टच विचारलं: 'धंदा काय'.

उत्तर: 'सध्या हात बंद आहे'.

म्हणजे सध्या चोऱ्या बंद. चोरसुद्धा सुटी घेतात, हे माहीत नव्हतं. मनातून थोडं बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. दुपारी तो दिसला नाही तर मी दोनदा टीव्ही लावून बघतो. ही क्लासहून आली ती खुशीत होती. इतके दिवस झाले, पण एक मोजासुद्धा अजून दिसला नाही. विणकाम अवघडच असतं म्हणे.

सोमवार, १७ तारीख

वाईट दिवस.

शाळेतल्या गणिताच्या बाई दुकानात आल्या, रडवेल्या. घरी कुणी नसताना दार उघडून कुणीतरी आत जाऊन गेलं. कुलूप मी बसवलेलं, सहा लिव्हरचं. जाऊन बघितलं. ओरखडा नाही, वाकलेलं नाही. ज्याने उघडलं त्याला त्या कुलपाची खडा न् खडा माहिती होती.

चार दिवसांपूर्वी सहा लिव्हरवर कोण गप्पा मारत होतं? मी. टीव्हीवर. एका चोराशी. आणि वर मला बरं वाटत होतं!

बाई म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास आहे हो आमचा." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

लेकीला फोन केला. म्हटलं, हसू नकोस, काय असेल ते सगळं बंद करायचा उपाय सांग. ती म्हणाली, "बाबा, एकदा आईशी बोला तरी." मी म्हटलं, उपाय सांग. तिने सांगितला.

मंगळवार, १८ तारीख

केलं. आधी 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' दाबलं. आमचा स्वतःचा टीव्हीही बाहेर पडला, पण असू दे. मग नवा पासवर्ड, हिला न सांगता, आतल्या खोलीत दार लावून. आणि दुहेरी कडी: आता पासवर्ड कळला तरी उपयोग नाही, कुणी पासवर्डाशिवाय नुसतं दार वाजवलं तरी माझ्या मोबाइलवर एक कोड येतो, तो घातल्याशिवाय आत जाता येत नाही. याला म्हणतात कुलूप. आधी कुणी सांगितलं असतं तर मी टीव्हीवाल्यांना मानलं असतं.

हिला दुपारी सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल. ही हातातला डबा घेऊन दारात उभी होती.

"तुम्हाला काही कळतं का हो?"

"यातलंच तर कळतं मला."

"यातलंच कळतं," ती म्हणाली. "बाकी कशातलं नाही." आणि चपला घालून गेली. क्लासला जाताना दार एवढ्या जोराने कुणी लावतं का?

दुपारी तीनला पहिला कोड आला. म्हणजे चोर दारावर आलाय आणि बाहेर उभा आहे. सव्वातीनला दुसरा. चारला तिसरा. मी मोबाइल समोर ठेवून चहा प्यालो.

बुधवार, १९ तारीख

आज एकही कोड आला नाही. नववा भाग पुन्हा लावला. ते दार आलं. मी म्हटलं, सहा लिव्हर. खोलीत कुणी नव्हतं. बंद केला.

ही फक्त कामापुरतं बोलते. "मीठ." "फोन." "सरका."

संध्याकाळी गणिताच्या बाई पुन्हा आल्या, या वेळी लाजत. चोरी झालीच नव्हती. त्यांची बहीण तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून इस्त्री घेऊन गेली होती आणि सांगायला विसरली. ती किल्ली मीच करून दिली होती. याच वहीत पुढे नोंद आहे, सहीसकट.

म्हणजे पाहुण्याने ते केलेलं नाही. कदाचित त्याने काहीच केलेलं नाही.

गुरुवार, २० तारीख

जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

सकाळी अकरा. दुकानात एका माणसाच्या स्कूटरची किल्ली घासत होतो. मोबाइलवर कोड आला. आणि लगेच फोन वाजला. नंबर ओळखीचा नाही.

"हॅलो?"

पलीकडे कुणीतरी घसा साफ केला.

"दादा, कोड सांग."

मला दादा म्हणणारा जगात एकच आहे. मी कानस खाली ठेवली.

"कसला कोड?" हे मी विचारलं. कसला म्हणजे! मला माहीत होतं. पण तोंडातून तेवढंच आलं.

"टीव्हीचा. तीन मिनिटंच चालतो तो. सांग लवकर."

"तू आहेस होय तो!"

"मग तुला कोण वाटलं?"

चोर वाटला असं कसं सांगणार? तसं म्हटलं तर लेखी कळवलंच होतं.

"ओळख म्हणालो होतो की," तो म्हणाला. "तिजोरीचं सांगितलं, लिव्हरचं सांगितलं. मला वाटलं तू ओळखलंयस आणि मुद्दाम ताणतोयस. मजा येत होती. मग एकदम कुलूपच घातलंस. तेव्हा वाटलं, संपलं आता."

"आणि हात बंद म्हणजे?"

"हात बंद म्हणजे हात बंद! प्लास्टरमध्ये आहे. शिडीवरून पडलो, उजवा मनगटापाशी तुटला. सहावा आठवडा चाललाय. वहिनी आठवड्यातून दोनदा येते डबा घेऊन. तुला ठाऊक नाही?"

स्कूटरवाला म्हणाला, "काका, माझी किल्ली?" मी त्याला हाताने थांब म्हटलं.

सहा आठवडे. पुलाच्या पलीकडे. मी इथे बसून त्याला टोळकं ठरवत होतो आणि तो डाव्या हाताने रिमोटवर एकेक अक्षर शोधून मला उत्तरं लिहीत होता. डाव्या हाताने त्याला साधा चमचाही नीट धरता येत नाही.

"दादा? आहेस ना?"

"आहे."

"मग कोड सांग."

मी बघितलं. तीन मिनिटं होऊन गेली होती. कोड मेला होता.

"पुन्हा मागव," मी म्हटलं. "दुसरा येऊ दे. मी धरून आहे."

घरी जाऊन हिच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, "विणकामाच्या बाईंचा हात कसा आहे?" ही आधी दचकली, मग बसली, मग हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "किती वेळा सांगावंसं वाटलं. पण त्यांचं नाव काढलं की तुम्ही ताटावरून उठता." उठतो. खरं आहे.

शुक्रवार, २१ तारीख

दुकान बंद ठेवलं. पाटीवर 'काही कारणाने' लिहिलं. ही म्हणाली, कारण लिहा की. नाही लिहिलं.

दोघंही गेलो. धाकट्याच्या दारात त्याचंच कुलूप. बोट टेकवा म्हणतं. माझं बोट त्याला माहीत नाही. घंटी वाजवली. भावजयीने दार उघडलं आणि बाजूला झाली.

तो कोचावर होता, हात गळ्यात अडकवलेला. दाढी वाढलेली. वजन उतरलंय. मी समोरच्या खुर्चीत बसलो. दोघांनी टीव्हीकडे बघितलं. टीव्ही बंद होता.

"नळीने ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"शक्यच नाही," तो म्हणाला.

बायका स्वयंपाकघरात जोरजोरात भांडी लावत होत्या, आम्हाला ऐकू येत नाही असं दाखवायला.

शेवटी तोच बोलला. प्लास्टरकडे बघत. "दादा, त्या डॉक्टरांच्या तिजोरीचं. तीन चकत्या तू लावून ठेवल्या होत्यास. कागदावर आकडे होते तुझ्या हातचे. मी फक्त चौथी फिरवली. चौथी कुणीही फिरवली असती, ते डॉक्टरसुद्धा."

"मला माहीत आहे."

"मी तिथेच सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "हवं होतं."

"पहिल्यांदाच कुणीतरी मला तुझ्यापेक्षा बरं म्हणालं होतं रे. एक मिनिट तसंच राहू दे म्हटलं. मग त्या मिनिटानंतर कसं सांगायचं ते कळेना. मग तू तोंड फिरवलंस."

चार वर्षं मी या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते घोकत होतो. चांगली चांगली उत्तरं होती. एकही आठवलं नाही. म्हटलं, "तुझ्या दाराचं कुलूप डावीकडे दोन सूत खाली बसलंय."

तो उठून बसला. "कुठे? दाखव!"

दाखवलं. अर्धा तास भांडलो. ही येऊन चहा ठेवून गेली, तो गार झाला.

रविवार, २३ तारीख

दोघीही गेल्या बाजारात. मी आणि धाकटा त्याच्याकडे मालिका बघत बसलो होतो. पाचवा हंगाम, त्या नकटीला पोलिसांनी धरलेलं. रिमोट माझ्याकडे, कारण त्याचा हात अजून आठ दिवस तसाच.

मधेच चित्र थांबलं आणि पडद्यावर पाटी आली. कंपनीला पुन्हा संशय आला होता. आता लेकीला विचारायला नको, मला वाचता येतं. 'हा टीव्ही तुमच्या घरातला आहे का?' खाली दोन चौकटी, 'हो' आणि 'नाही'.

धाकटा पडद्याकडेच बघत होता.

मी 'हो' दाबलं.

काही झालं नाही. पाटी तशीच.

"जोरात दाब," तो म्हणाला. "बटण घट्ट आहे ते."

मी जोरात दाबलं.